बर्फातला खून कागदावर कसा उतरवावा: स्वालबार्डमधल्या रहस्यपटाची पटकथा, पायरीपायरीने

माझ्याकडे वाचायला आलेल्या एका पटकथेची सुरुवात अशी होती: ‘जून महिना. लाँगइयरब्येन. मध्यरात्रीच्या काळोखात एक आकृती गोदामाकडे सरकते.’ मी तिथेच पान मिटलं. स्वालबार्ड या आर्क्टिक बेटांवरच्या लाँगइयरब्येन गावात जूनभर काळोख नावाची चीजच नसते. सूर्य चोवीस तास डोक्यावर. तो खुनी बिचारा लख्ख उन्हात, गावाच्या देखत, भिंतीला चिकटून चोरपावलांनी चालला असता आणि समोरच्या बाकावर कॉफी पीत बसलेल्या माणसानं त्याला विचारलं असतं, ‘काय हो, काही हरवलंय का?’

बर्फ दिसायला देखणं, त्यामुळे ते पडद्यासारखं मागे टांगायचा मोह होतो. आपल्याकडचा एखादा जुना वाडा उचलायचा, आर्क्टिकवर ठेवायचा, पात्रांना जाड जाकिटं चढवायची, की झाला थ्रिलर. असली कथा दहाव्या पानावर पकडली जाते. आर्क्टिकमधला गुन्हा तिथल्या उजेडामुळे, थंडीमुळे, तिथल्या विचित्र नियमांमुळे घडला पाहिजे आणि त्यांच्यामुळेच उघडकीला आला पाहिजे. तोच खून महाबळेश्वरला करता येत असेल तर महाबळेश्वरलाच करावा, खर्च तरी वाचेल.

पायरी पहिली: आधी गाव पक्कं करा

‘आर्क्टिक’ हा पत्ता नव्हे. ग्रीनलंड, अलास्का, सायबेरिया, उत्तर कॅनडा, प्रत्येक ठिकाणची माणसं वेगळी, पोलीस वेगळे, जेवण वेगळं. या लेखापुरतं मी स्वालबार्ड धरतोय. नॉर्वे आणि उत्तर ध्रुव यांच्या मधोमध, ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांत पसरलेला हा द्वीपसमूह. इथे मूळ रहिवासी जमात नाही, त्यामुळे इग्लू आणि ‘गूढ म्हातारा एस्किमो’ दोन्ही बाद. पेंग्विन दक्षिण गोलार्धात. लांडगे नाहीत. झाडही नाही, म्हणजे झाडाआड लपलेला पाठलाग करणारा माणूसही नाही. आहेत ती ध्रुवीय अस्वलं, आर्क्टिक कोल्हे आणि आखूड पायांची रेनडिअर.

वस्त्या मोजक्या. लाँगइयरब्येन हे मुख्य गाव, लोकसंख्या अडीच हजारांच्या आसपास. १९०६ मध्ये जॉन मन्रो लाँगइयर या अमेरिकन उद्योजकानं कोळशासाठी वसवलं, नावही त्याचंच. बारेन्ट्सबुर्ग हे रशियन खाणकामगारांचं गाव. पिरामिडेन हेही रशियनांचंच, पण १९९८ मध्ये खाण बंद झाली आणि गाव जवळपास जसंच्या तसं सोडून लोक निघून गेले. या गावांना जोडणारा रस्ता नाही. हिवाळ्यात स्नोस्कूटर, उन्हाळ्यात बोट, नाहीतर हेलिकॉप्टर.

ओसाड पिरामिडेनवर सगळ्यांचीच नजर जाते. माझी जात नाही. रिकाम्या इमारतींतलं भय दोन प्रसंगांत संपतं. मी निवडीन नी-ऑलेसुंड, लाँगइयरब्येनच्या वायव्येला शंभरएक किलोमीटरवरची संशोधकांची वस्ती. हिवाळ्यात तिथे उरतात तीसेक माणसं. सगळे एकाच मेसमध्ये जेवतात. छोटं विमान आलं तर आलं, वादळ असलं तर नाही. रहस्यकथेला लागणारी बंद खोली इथे आयती मिळते.

शिवाय इथे मराठी बोलणारं पात्र ओढूनताणून आणावं लागत नाही. भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र १ जुलै २००८ पासून नी-ऑलेसुंडमध्ये आहे. त्याचा कारभार चालतो गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून. २०१४ मध्ये तिथल्या काँग्सफ्योर्ड या खाडीत ‘इंडआर्क’ ही पाण्याखालची वेधशाळा सोडली. डिसेंबर २०२३ मध्ये भारतानं पहिली हिवाळी मोहीमही पाठवली, म्हणजे आपली माणसं तिथल्या पूर्ण काळोखातही राहून आलेली आहेत. वास्कोत वाढलेली, घरी मराठी बोलणारी एखादी संशोधिका नायिका करा. तिला मी इथे गौरी म्हणतो.

या गावाला इतिहासही आहे. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी इथल्या कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन २१ माणसं गेली. त्या चौकशीवरून नॉर्वेचं सरकार १९६३ मध्ये पडलं आणि खाण कायमची बंद झाली. त्याआधी १९२६ मध्ये नॉर्वेचा ध्रुवप्रवासी आमुंडसेन ‘नोर्गे’ ही एअरशिप, म्हणजे वायूनं भरलेलं तरंगतं जहाज, घेऊन इथूनच ध्रुवाकडे निघाला होता. ती बांधून ठेवायचा लोखंडी मनोरा आजही गावाबाहेर उभा आहे. जुन्या पापाचा धागा हवा असेल तर काल्पनिक शाप कशाला?

पायरी दुसरी: तारीख ठरवा, मगच प्रसंग लिहा

इथे घाई करू नका. पात्रांची नावं नंतर बदलता येतात, तारीख बदलली की सगळी पटकथा कोसळते.

लाँगइयरब्येनचं उजेडाचं पंचांग असं. साधारण २६ ऑक्टोबरला सूर्य जातो तो १५ फेब्रुवारीच्या सुमारास क्षितिजावर परततो. त्यातही १४ नोव्हेंबर ते २९ जानेवारी हा काळ ठार अंधाराचा, भर दुपारीसुद्धा दिव्याशिवाय भागेल इतका संधिप्रकाश नसतो. २० एप्रिलच्या आसपासपासून २२ ऑगस्टपर्यंत सूर्य मावळत नाही. आणि मधल्या काळात? फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या विसाव्या तारखेपर्यंत, म्हणजे जेमतेम नऊ आठवड्यांत, दिवस शून्यावरून चोवीस तासांवर जातो. रोज सरासरी वीस-बावीस मिनिटांची वाढ. आठवडाभर तंबूत अडकून परतलेल्या माणसाला गावातला दिवस अडीच तासांनी मोठा झालेला दिसेल.

प्रत्येक ऋतूचा गुन्हा वेगळा. काळोखात कोण कुठे होतं हे कोणालाच सांगता येत नाही, तिथे संशय सगळ्यांवर. फेब्रुवारीत तासन् तास निळा उजेड असतो, चेहरे ओळखू येतात आणि येतही नाहीत, कॅमेरामनची तर चंगळ. मार्चच्या आठ तारखेच्या सुमाराला आणखी एक संधी आहे. डोंगरांमुळे गावावर ऊन पडायला तेवढा उशीर होतो आणि त्या दिवशी लोक जुन्या इस्पितळाच्या पायऱ्यांपाशी सूर्याची वाट बघत जमतात. सगळं गाव एका जागी, सगळ्यांचे डोळे एका दिशेला. बाकीच्या गावात काय होतंय याला साक्षीदार नाही.

पण मला सर्वांत आवडतो तो जून, ज्याला लेखक घाबरतात. काळोखच नाही तर लपवायचं कसं? सावलीत लपवा. एक कोडं करून दाखवतो.

संशयित म्हणतो, ‘दुपारी एक वाजता मी धक्क्यावर होतो, हा बघा फोटो.’ फोटोत लख्ख ऊन, निळं आकाश, तो हसतोय. कोणाही पोलिसाला दुपारच वाटेल. आता २१ जूनचा हिशेब करा. लाँगइयरब्येन ७८ अंशांवर आहे, तेव्हा दुपारी सूर्य चढून चढून चढतो ३५ अंश. पावणेसहा फुटांच्या माणसाची सावली पडेल आठेक फूट, उत्तरेकडे. रात्री तोच सूर्य उत्तरेला असतो, क्षितिजापासून फक्त साडेअकरा अंशांवर. सावली पडेल जवळजवळ अठ्ठावीस फूट आणि दक्षिणेकडे. आणखी एक मेख आहे. उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे केलेली असतात, त्यामुळे सूर्य बरोबर उत्तरेला येतो तो बाराला नव्हे, रात्री एकच्या सुमाराला. संशयितानं फोनमधली वेळ बारा तासांनी बदलली, पण सावली कुठे बदलता येते? फोटोत मागे धक्क्याचा खांब आहे, नकाशावर त्याची दिशा ठरलेली आहे. गौरीला फूटपट्टी आणि नकाशा पुरे.

हे दृश्य लिहिताना संवाद कमी ठेवा. ती मेसच्या टेबलावर मिठाची बाटली उभी करते, टॉर्च तिरकी धरते, सावली लांबते. बाकीचे जेवायचे थांबतात. प्रेक्षकाला त्रिकोणमिती आवडत नाही, मिठाच्या बाटलीची सावली आवडते.

मार्चमध्ये कथा घडत असेल तर घड्याळाचा दुसरा खेळ आहे. हिवाळ्यात भारत आणि स्वालबार्ड यांच्यात साडेचार तासांचं अंतर, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून साडेतीन तासांचं. ‘मी तेव्हा आईशी फोनवर होते’ ही सबब त्या एका तासानं तरते किंवा बुडते. वास्कोतल्या आईला तर हा बदल ठाऊकही नसतो. ती आपली विचारते, ‘जेवलीस का गो? किती वाजले तुमच्याकडे?’ आणि उत्तर ऐकून म्हणते, ‘काल तर तासाने मागे होतीस.’ सगळा तपास या एका वाक्यावर वळवता येईल.

पायरी तिसरी: पंचनामा कोण करणार?

स्वालबार्डवर नॉर्वेचं सार्वभौमत्व आहे ते ९ फेब्रुवारी १९२० रोजी पॅरिसमध्ये सह्या झालेल्या करारामुळे. सह्या करणाऱ्यांच्या यादीत ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने हिंदुस्थानचंही नाव आहे. करारातल्या देशांच्या नागरिकांना तिथे जाऊन राहता येतं, धंदा करता येतो. गव्हर्नरला तिथे सिसेलमेस्टर म्हणतात आणि तोच पोलीसप्रमुखही. पोलीस बोटांवर मोजण्याइतके. खटला चालतो मुख्य भूमीवर, ट्रोम्सोच्या न्यायालयात. तेव्हा ‘इन्स्पेक्टर आले, मागून सहा शिपाई, फॉरेन्सिकची गाडी’ हे दृश्य खोडून टाका. वादळ चालू असेल तर नी-ऑलेसुंडला पहिले दोन दिवस पोलीस पोचणारच नाहीत. तोवर मुद्देमाल कोण सांभाळणार? संशयितांपैकीच कोणीतरी. हा ताण फुकट मिळतोय, वापरा.

लूटमारीची कथा मात्र इथे रचू नका. डिसेंबर २०१८ मध्ये लाँगइयरब्येनमध्ये एकानं भाड्याची रायफल घेऊन बँक लुटली. पळणार कुठे? रस्ता गावाबाहेर संपतो, विमानतळ एकच. तो लगेच पकडला गेला आणि ट्रोम्सोत शिक्षा झाली.

कायद्याचा घोळच कथेचा गाभा करायचा असेल तर जुलै १९७० चं एक खरं प्रकरण अभ्यासा. आर्क्टिक महासागरात टी-३ नावाचं तरंगतं हिमबेट होतं, त्यावर अमेरिकन संशोधन तळ. घरगुती मनुकांच्या दारूवरून भांडण झालं, रायफल सुटली, तळप्रमुख मेला. आता हे बेट कोणाचं? ते जमीन नव्हे, जहाज नव्हे, रोज जागा बदलतं. आरोपीला व्हर्जिनियात आणून खटला चालवला. अपिलात न्यायाधीशांचं अधिकारक्षेत्रावर समसमान दुमत झालं. शिवाय ती रायफल चाप न ओढता, नुसत्या धक्क्यानंही उडत होती. फेरखटल्यात आरोपी सुटला. हे सगळं मी रचलं असतं तर निर्माता म्हणाला असता, जरा जास्तच होतंय.

एक छोटा नियम लक्षात ठेवा: स्वालबार्डवर १९४६ पूर्वीची प्रत्येक मानवी खूण आपोआप संरक्षित आहे. गंजका डबा, मोडकी फळी, शिकाऱ्याच्या झोपडीचा खिळा, काहीही. थंडीत जीव वाचवायला नायकानं जुन्या झोपडीची फळी जाळली तर त्याच्यावर आणखी एक गुन्हा.

पायरी चौथी: बंदुकीला घाम फुटू द्या

वस्तीबाहेर पडताना अस्वलाला हुसकावायचं साधन जवळ ठेवणं बंधनकारक आहे आणि बहुतेक जण रायफलही नेतात. म्हणजे तुमच्या प्रत्येक संशयिताकडे हत्यार आहे, तेही कायदेशीर. ‘बंदूक कुठून आली’ हा रहस्यकथेचा हक्काचा प्रश्न इथे निकालात निघतो. दुकानांच्या दारावर बंदूक आत आणू नका अशा पाट्या असतात आणि गावात ती भरलेली ठेवायला मनाई आहे. अस्वल मारलं तर त्याचीही चौकशी होते, कारण १९७३ पासून ते संरक्षित आहे. ‘अस्वलानं मारलं असेल’ हा खुन्याचा पहिला बचाव असणार, तेव्हा अस्वलाच्या दाताचे, नखांचे, ओढत नेल्याचे व्रण कसे दिसतात याची माहिती एखाद्या पशुवैद्याकडून घ्या. गुगलवर विसंबू नका.

आता माझा आवडता धागा. वीस अंश उण्यात फिरलेली रायफल उबदार खोलीत आणली की तिच्या गार लोखंडावर खोलीतली वाफ जमते. आधी पांढरा भुरका थर, मग थेंब, मग ओघळ. चष्मेवाल्यांना हे रोजचं आहे, एसी गाडीतून मे महिन्यात मुंबईत उतरलं की काच धुरकट होते तसंच. म्हणून जाणकार माणसं रायफल गार ओसरीतच ठेवतात, आत आणत नाहीत. ओली झालेली रायफल पुन्हा बाहेर नेली तर ते पाणी गोठून बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, अडकतो आणि ऐन वेळी गोळी सुटत नाही.

प्रसंग असा. पहाटे आरडाओरडा होतो. सगळे दिवाणखान्यात जमतात. भिंतीवरच्या फळीत पाच रायफली उभ्या. चौघांच्या कोरड्या. पाचवीच्या नळीवरून एक थेंब घरंगळतो आणि लाकडी जमिनीवर टप् करून पडतो. तिचा मालक म्हणतोय, ‘मी रात्रभर झोपलो होतो.’ कोणी काही बोलायची गरज नाही. कॅमेरा त्या थेंबावर ठेवा आणि मालकाला बोलू द्या.

याच मालकाला दुसऱ्या दिवशी घाईघाईत तीच रायफल घेऊन बाहेर जावं लागलं, समोर अस्वल आलं आणि बोल्ट हलेना, तर शेवटही तिथेच सापडतो.

पायरी पाचवी: प्रेताचं गणित थंडीत चुकतं

शरीर किती गार झालं यावरून मृत्यूची वेळ काढायची पद्धत गोठलेल्या प्रेतावर चालत नाही. ताठरपणाही थंडीत उशिरा येतो. मग डॉक्टर काय बघेल? पोटातलं अन्न. नी-ऑलेसुंडमध्ये सगळे एकाच मेसमध्ये जेवतात, म्हणजे मंगळवारी कोणता मासा होता हे स्वयंपाक्याला विचारलं की वेळ कळते. स्वयंपाकी हा साक्षीदार करा, लेखक त्याला नेहमी विसरतात.

दुसरी गोष्ट प्रेक्षकाला चकवायला फार उपयोगी. गारठून मरणारा माणूस शेवटी शेवटी अंगावरचे कपडे काढून टाकतो. आक्रसलेल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, कातडीकडे ऊब धावते आणि माणसाला उकडायला लागतं. काही जण मग बिछान्याखाली, कपाटामागे, मिळेल त्या फटीत शिरतात. बर्फात अर्धनग्न, कशाखाली तरी दडलेला देह बघून कोणीही म्हणेल, अत्याचार झाला, मग लपवलं. पहिल्या अंकात सगळ्यांना तसंच वाटू द्या. तज्ज्ञ नंतर येऊ दे. आणि उलटही करता येतं: हे ठाऊक असलेला खुनी मुद्दाम कपडे काढून ठेवतो, पण बूट व्यवस्थित जोडीनं लावून ठेवतो. भ्रमिष्ट माणूस बूट जोडीनं लावत नाही.

गोठलेली जमीन सगळं जपून ठेवते, हा समज अर्धाच खरा आहे. १९१८ च्या फ्लूच्या साथीत मेलेले सात तरुण खाणकामगार लाँगइयरब्येनला पुरले होते. विषाणू मिळेल या आशेनं १९९८ मध्ये त्यांच्या कबरी उघडल्या. पेट्या निघाल्या त्या कायम गोठलेल्या थरात नव्हे, वरच्या, दर उन्हाळ्यात वितळणाऱ्या थरात. मऊ ऊती कुजून गेल्या होत्या. म्हणजे तुमच्या कथेत पुरलेलं प्रेत किती खोल आहे यावर सगळं अवलंबून. बाकी ‘लाँगइयरब्येनमध्ये मरायला बंदी आहे’ ही इंटरनेटवरची गंमत. पेटीतलं दफन तिथे बंद झालंय, मरण नव्हे.

जुन्या प्रेतानं नवा आरोप करावा असं वाटत असेल तर चार्ल्स फ्रान्सिस हॉलची गोष्ट आठवा. ‘पोलॅरिस’ या अमेरिकन ध्रुवमोहिमेचा हा प्रमुख १८७१ मध्ये ग्रीनलंडच्या उत्तरेला एक कप कॉफी पिऊन आजारी पडला, मला विष घालताहेत असं म्हणत राहिला आणि ८ नोव्हेंबरला मेला. सरकारी चौकशीत नैसर्गिक मृत्यू ठरला. १९६८ मध्ये संशोधकांनी कबर उघडून केस आणि नखं तपासली. शेवटच्या दोन आठवड्यांत शरीरात भरपूर आर्सेनिक गेलं होतं. पण त्या काळी आर्सेनिक औषध म्हणूनही देत. सत्त्याण्णव वर्षांनी पुरावा मिळाला आणि खुनी तरीही नाही मिळाला.

आणि कोणालाही लवकर मृत घोषित करू नका. मे १९९९ मध्ये नॉर्वेत नार्विकजवळ स्कीइंग करताना एक तरुण डॉक्टर बर्फाखालच्या ओढ्यात अडकली, ऐंशी मिनिटं. शरीराचं तापमान १३.७ अंशांवर उतरलं होतं. ट्रोम्सोच्या डॉक्टरांनी तिला परत आणलं.

पायरी सहावी: रोजच्या सवयींतून धागे काढा

स्वालबार्डवर हॉटेलात, संग्रहालयातसुद्धा दाराशी बूट काढतात, खाणकामगारांच्या काळ्या बुटांपासून चालत आलेली रीत. आपल्याला यात नवल काय वाटणार! पण रहस्यपटाला हे वरदान आहे. आत किती माणसं आहेत ते दाराशीच कळतं. अकरा जोड आणि दहा माणसं, की अकरा माणसं आणि दहा जोड, दोन्ही वेगवेगळ्या कथा. दारांना सहसा कुलूपही नसतं, अस्वल आलं तर कोणालाही आत शिरता यावं म्हणून. बंद खोलीतला खून रचायचा तर कुलूप लावणारा माणूसच आधी संशयित.

नी-ऑलेसुंडमध्ये वाय-फाय आणि ब्लूटूथला बंदी आहे. तिथे दूरवरच्या क्वेसारचे, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्रांचे, क्षीण रेडिओ संकेत टिपणारे अँटेना आहेत, म्हणून वीस किलोमीटरच्या परिघात ठरावीक लहरींवर शांतता पाळतात. आजच्या रहस्यपटाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मोबाईल, त्याचा इथे आपोआप बंदोबस्त. पण कोणी चोरून ब्लूटूथ चालू ठेवलं तर अँटेनाच्या नोंदीत ते उमटू शकतं. म्हणजे नको असलेल्या संकेताची अचूक वेळ शास्त्रज्ञांकडे आहे. त्यांना ती कचरा वाटते, गौरीला नाही.

पावलांचे ठसे खड्ड्यासारखेच असतील असं धरू नका. दाबलं गेलेलं बर्फ घट्ट होतं. नंतर वारा सुटला की आजूबाजूचं भुसभुशीत बर्फ उडून जातं आणि ठसे उंचवट्यासारखे, छोट्या चबुतऱ्यांसारखे वर राहतात. वाऱ्याआधी चाललेल्याचे ठसे उठावाचे, वाऱ्यानंतरच्याचे खळग्यांचे. वारा किती वाजता सुटला हे हवामान केंद्रात लिहिलेलं असतंच.

आणि कॅमेरा? १८९७ मध्ये स्वीडनचा आंद्रे आणि त्याचे दोन सोबती स्वालबार्डहून फुग्यातून ध्रुवाकडे निघाले आणि गायब झाले. १९३० मध्ये क्वितोया बेटावर त्यांचे अवशेष, डायऱ्या आणि फिल्मची रिळं सापडली. तेहेतीस वर्षं बर्फात राहिलेल्या २४० फोटोंपैकी ९३ वाचवता आले. त्यांतल्या एका फोटोत कोसळलेल्या फुग्यापाशी उभे असलेले तिघांपैकी दोघे आजही दिसतात. पेनड्राइव्हचा प्रसंग लिहिण्याआधी हा एक फोटो शोधून बघा.

पायरी सातवी: चित्रीकरणाचा हिशेब

इथे थोडक्यात, कारण निर्मात्याला हेच पान आधी वाचायचं असतं.

स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, पण तिथे जायला नॉर्वेतून विमान बदलावं लागतं आणि स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर, म्हणजे युरोपातल्या सामाईक व्हिसाच्या देशांच्या हद्दीबाहेर आहे. म्हणजे परतताना पुन्हा शेंगेनमध्ये प्रवेश. एकाच प्रवेशाचा व्हिसा काढलेला युनिटचा एक माणूसही सगळ्यांना अडकवून ठेवू शकतो. एकापेक्षा जास्त प्रवेशांचा काढा. वस्तीबाहेर चित्रीकरण करायचं तर सिसेलमेस्टरच्या कार्यालयाशी महिनोन् महिने आधी बोला. अस्वलावर नजर ठेवणारा माणूस बजेटमध्ये धरा, त्याला स्पॉटबॉयचं काम सांगू नका. ड्रोनला विमानतळाच्या पाच किलोमीटरच्या आत मनाई आहे.

पैसे वाचवायचे असतील तर कथा काळोखाच्या महिन्यांत घाला. खिडकीबाहेर नुसतं काळं, म्हणजे आतले सगळे प्रसंग गोरेगावच्या फिल्मसिटीत उरकता येतील. बाहेरचे मोजके प्रसंग तेवढे तिकडे.

स्वालबार्डचा जून लडाखमध्ये चित्रित करायचा विचार असेल तर एक योग जुळतो. लेहमध्ये डिसेंबरात दुपारी सूर्य ३२ अंशांच्या आसपास असतो, लाँगइयरब्येनच्या जूनमधल्या दुपारीही ३५. सावल्या जवळजवळ सारख्या. पण फ्रेममध्ये पॉप्लरचं एक झाड आलं की खेळ खलास, आणि रात्रीचं ऊन तिथे कुठून आणणार!

बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. कॅमेरा आत नेण्याआधी बाहेरच हवाबंद पिशवीत घाला आणि दोन-तीन तास उघडू नका, नाहीतर वर सांगितलेल्या रायफलीसारखा त्यालाही घाम फुटेल, तोही भिंगाच्या आतून. नट-नटीच्या तोंडातून निघणारी वाफ काही टेकमध्ये दिसते, काहींत नाही आणि संकलक डोकं धरून बसतो. नको असेल तेव्हा टेकआधी तोंडात बर्फाचा तुकडा धरायला सांगतात. उणे पंधरात नटाला बर्फ चघळायला सांगायचं काम मात्र सहायक दिग्दर्शकावर सोपवा.

राहिला आवाज. कोरडं बर्फ उणे दहाच्या खाली पायाखाली करकरतं. त्याहून उबदार हवेत तो आवाज मऊ होतो. म्हणजे अंधारात मागून येणारं पाऊल करकरलं की नाही यावरून त्या रात्रीची थंडी कळते, आणि साक्षीदार खोटं बोलतोय का तेही. प्रत्यक्ष जागेवर वाऱ्यामुळे हा आवाज नीट मिळत नाही. तो स्टुडिओत करतात: चामड्याच्या पिशवीत कॉर्नफ्लोअर भरायचं, तोंड घट्ट बांधायचं आणि माइकजवळ मुठीनं हळूहळू दाबायचं. घरी करून बघा, रात्री, दिवा मालवून. अर्धा किलो पुरतं.